थाळनेरचा पाचवा दरवाजा : खान्देशातल्या रणभूमीवर कसं जावं आणि कुणाला आठवावं

पहिल्यांदा धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला गेलो तेव्हा मी किल्ला न बघताच परत आलो होतो. शिरपूरला लग्न होतं, दुपारचा वेळ मोकळा होता, म्हणून एका भाच्याची मोटारसायकल घेऊन निघालो. गावाजवळ फारुकी सुलतानांच्या कबरी दिसल्या. घुमट, कोरीव दगड, सगळं बघितलं, फोटो काढले आणि वाटलं, झालं थाळनेर. टपरीवर चहा घेताना शेजारी बसलेल्या एका आबांनी विचारलं, "किल्ला दखा का, भाऊ?" त्यांनी तापीकडे हात केला. मी घड्याळ बघितलं. वरात निघायची होती. मी गेलो नाही.

धुळ्याला घरी आल्यावर वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की २७ फेब्रुवारी १८१८ रोजी त्या किल्ल्यात सुमारे २५० माणसं एका दुपारीत मारली गेली होती, आणि मी तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर चहा पीत बसलो होतो. ते मनाला लागलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला गेलो, नीट वाचून गेलो. तेव्हापासून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जमेल तसा जातो. कधी एकटा, कधी दोन-चार मुलं बरोबर घेऊन. रणभूमीवर कसं जायचं हे मी या एका जागेवर शिकलो, म्हणून सगळी पद्धत थाळनेर धरूनच सांगतो. इतर जागांनाही ती लागू पडते. त्या शेवटी येतील.

आधी घटना वाचा, मग रस्ता शोधा

लढाईची जागा बोलत नाही. समोर माती, बाभळी, ढासळलेला बुरूज आणि शेळ्या एवढंच दिसतं. काय घडलं ते डोक्यात नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. म्हणून निघण्याआधी किमान दोन संध्याकाळी वाचनाला द्या.

थाळनेरची हकीगत थोडक्यात अशी. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख कंपनी सरकारला दिला. त्यात थाळनेरही आलं. म्हणजे कागदावर किल्ला इंग्रजांचा झाला होता, पण आत शिबंदी, म्हणजे किल्ला राखणारे पगारी शिपाई, बसली होती आणि किल्लेदार होता तुळशीराम मामा. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज माळव्यातून सेंधव्याच्या घाटाने उतरून तापीकडे आली. तिला किल्ला लढेल असं वाटत नव्हतं. सामानसुमान पुढे येऊ लागलं आणि किल्ल्यातून गोळी सुटली. हिस्लॉपने निरोप पाठवला : किल्ला द्या, लढलात तर बंडखोर समजून वागवू.

मग तोफा लागल्या. दुपारी किल्ल्यातून बोलणी सुरू झाली. इंग्रजांचं उत्तर एकच : अटी नाहीत, शरण या. रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन रेजिमेंटच्या तुकड्या दरवाज्यापाशी गेल्या. थाळनेरच्या किल्ल्याला एकामागे एक पाच दरवाजे होते. पहिले दोन ओलांडले गेले. तिसऱ्याच्या दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून, स्वतः किल्लेदार बाहेर आला, त्याच्याबरोबर पेठेतले काही वाणी आणि कारागीर होते, आणि तो स्वाधीन झाला. चौथा दरवाजा उघडा मिळाला. पाचवा बंद होता. आत अरब शिपाई होते. बरीच घासाघीस झाली, दिंडी उघडली गेली, आणि काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला, मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. बाहेरचं सैन्य आत घुसलं आणि शिबंदी कापून काढली. ज्याने स्वतःला आधीच हवाली केलं होतं त्या तुळशीराम मामाला त्याच संध्याकाळी फासावर चढवलं.

इंग्रजी कागद याला दगा म्हणतात. पण पुढच्या इंग्रज इतिहासकारांनीही गोंधळ, घाई, एकमेकांची भाषा न कळणं यांकडे बोट दाखवलं आहे. खुद्द लंडनमध्ये ही गोष्ट बोचली. मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या (तिसऱ्या इंग्रज-मराठा) युद्धासाठी हिस्लॉपचे आभार मानले तेव्हा थाळनेरच्या फाशीचा प्रश्न त्या आभारातून मुद्दाम वेगळा ठेवला. जिंकणाऱ्यांच्या सभागृहाला जे पूर्ण गिळता आलं नाही, त्यावर आपण निदान थांबून विचार करायला हवा.

कुठे वाचायचं? १८८० चं खान्देश जिल्ह्याचं गॅझेटियर मोठ्या वाचनालयांत मिळतं, इंटरनेटवरही आहे. त्यात थाळनेरवर वेगळी नोंद आहे. हिस्लॉपच्या फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल व्हॅलेंटाइन ब्लॅकर याने या युद्धावर १८२१ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला, त्यात किल्ल्याचं वर्णन बारकाईने आलं आहे. धुळ्यात असाल तर राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस घालवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. खान्देशच्या जुन्या कागदांसाठी याहून चांगलं दार जवळपास नाही.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि एक काम करा. ज्या माणसाचं नाव आलं आहे तिथे रेघ मारा. नाव नसलेली माणसं आली तिथे गोल करा : "शिबंदी", "अरब", "वाणी", "शिपाई", "बाजारबुणगे". दोन पानांत रेघा चार-पाच आणि गोल पंधरा-वीस निघतात. हा कागद जपून ठेवा. रणभूमीवर त्याचंच काम आहे.

नावांचा कागद

माझ्या कागदावर तीन नावं आहेत : तुळशीराम मामा, गॉर्डन, मॅकग्रेगर. खाली लिहिलं आहे : किल्ल्यातले सुमारे २५० शिपाई.

हे अरब कोण होते? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये चाकरीला आलेले बरेच अरब हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनच्या दक्षिण किनाऱ्याकडचे. मराठी सरदारांकडे त्यांना मोठा मान होता, कारण तटामागून लढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पगार थकला की ते किल्ला अडवून बसत, आणि पगार तर नेहमीच थकलेला असे. १८१८ च्या खान्देशात गावोगावच्या गढ्यांमध्ये ते होते. थाळनेरला जे मेले त्यांची घरं समुद्रापलीकडे होती, की दोन पिढ्या इथेच राहून ते खान्देशी झाले होते, की काही जण नावालाच अरब आणि मुळात इथल्याच मातीचे, हे कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांना मारणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. आणि आपल्या बाजूनेही कुणी ते विचारलं नाही, कारण ते ना "आपले" म्हणून मोजले गेले ना "परके" म्हणून.

मला वाटतं, खान्देशातल्या रणभूमीवर जाण्याचं खरं कारण हेच आहे. ज्यांची नावं आहेत त्यांना आठवायला पाटी पुरते. बिननावाच्यांना आठवायला तिथे जावं लागतं. तुमचा कागदही असाच करा. वर नावं, आणि नावं संपली की मोजता येतील तेवढी माणसं, त्यांच्या कामासकट : शिपाई, गोलंदाज, भिस्ती, हमाल. दोन्ही बाजूंची. इंग्रजांच्या फौजेत देशी शिपाई हजारोंनी होते, ते विसरू नका. हिस्लॉपची फौज मद्रासची, म्हणजे त्यातले कितीतरी जण तमिळ आणि तेलुगू बोलणारे असणार.

दिवस, वेळ, वाट

तारखेला जाणं जमत असेल तर उत्तम. २७ फेब्रुवारीला खान्देशात सकाळी गारवा असतो, अकरानंतर ऊन चढतं. रब्बी उभी असते, दादर (रब्बी ज्वारी) कापणीला आलेली, गहू पिवळा पडत चाललेला. हिस्लॉपच्या फौजेने हाच प्रकाश आणि हाच उकाडा अनुभवला असेल. तारीख जमली नाही तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही जा. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. पारा ४५ च्या पुढे जातो आणि किल्ल्यावर सावली नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला बिलगते आणि तापीकाठच्या दरडी ठिसूळ होतात.

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर. वाटेत सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडावी लागते. गाडी थांबवायला जागा मिळाली तर नदीचं पात्र इथेच एकदा नजरेखाली घाला, पुढे उपयोगी पडतं. शिरपूरहून थाळनेर पंधरा-अठरा किलोमीटर, तापीच्या उत्तर काठाने पूर्वेकडे. शिरपूरहून एसटी मिळते. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवर विचारूनच चढा. रेल्वेने येणाऱ्यांना सुरत-भुसावळ मार्गावरचं नरडाणा जवळचं. जळगावकडून येत असाल तर चोपड्यावरून शिरपूर रस्त्याने या.

सकाळी आठच्या आत गावात पोहोचा. साडेदहापर्यंत किल्ला, मग कबरी, मग जेवण, आणि शक्य असेल तर चारनंतर पुन्हा एकदा किल्ल्यावर. ती दुसरी फेरी टाळू नका. सकाळी आपण बघतो, संध्याकाळी आपण थांबतो.

बरोबर काय घ्यायचं : माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, पायात पूर्ण बूट (खान्देशात घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत, आणि पडक्या भिंतीतच राहतात), एक काठी, वही, पेन्सिल, नावांचा कागद. जेवण घरून बांधून नेलं तर बरं. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा दिवसभर टिकतो.

गावात शिरताना

रणभूमी ही आधी कुणाच्या तरी गावाची शीव असते. गाडी थेट बुरुजाखाली नेऊन लावू नका. चौकात उतरा, चहा घ्या, आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो ते आपणहून सांगा. मोठ्या माणसाला आबा, आप्पा, नाना म्हणा. बरोबरीच्याला भाऊ, दादा. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला, नसेल तर साधं मराठी पुरे आहे. उगाच तोडकी अहिराणी बोलून हसं करण्यापेक्षा ते चांगलं.

एक प्रश्न सगळ्यांना विचारा : "तुमच्या आज्याने किल्ल्याबद्दल काय सांगितलं होतं?" तारखा विचारू नका. तारखा आपल्याकडे आहेत. लोकांकडे असतात जागांची नावं. कुठल्या खळग्याला काय म्हणतात, कुठल्या झाडाखाली लहानपणी जाऊ देत नसत, कुठे दिवा लावतात, कुणाच्या कबरीला गावातले कुठले घर चादर घालतं. हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, आणि नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा.

कुणी गुप्त खजिन्याच्या गोष्टी सुरू करेल. ऐकून घ्या, वाद घालू नका, पण त्या गोष्टीला खतपाणीही घालू नका. खजिन्याच्या हव्यासाने खान्देशातल्या कितीतरी गढ्यांच्या भिंती पोखरल्या गेल्या आहेत.

किल्ल्यावर : कुठून कसं फिरायचं

जुन्या वर्णनाप्रमाणे किल्ल्याची एक बाजू सरळ तापीतून वर आलेली. उरलेल्या तीन बाजूंना शंभर ते दीडशे यार्ड रुंदीचा खोलगट पट्टा, आणि त्यावर सुमारे ६० फूट चढलेला तट. आत शिरायची वाट एकच, पूर्वेकडून, पाच दरवाज्यांची. दरवाज्यांमधला रस्ता सरळ नव्हता. वळसे घेत, चढत, कुठे पायऱ्यांनी तो तटाच्या माथ्याला जाऊन मिळत होता.

पाचही दरवाजे शाबूत मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. दोनशे वर्षांत पडझड फार झाली आहे, नदीनेही आपला वाटा घेतला आहे. तरी जमिनीचा आकार दगडांपेक्षा जास्त टिकतो. म्हणून आधी वर चढू नका. आधी तो खोलगट पट्टा बाहेरून चालत काढा. खाली उभं राहून वर बघितलं की आतल्या माणसांना आपण सुरक्षित आहोत असं का वाटलं असेल ते कळतं. मग वर जाऊन खाली बघा. आता तोफा घेऊन आलेल्या फौजेला हा किल्ला किती लहान वाटला असेल, तेही कळतं. दोन्ही एकाच जागेवरून कळत नाही, म्हणून ही फेरी लागते.

त्यानंतर पूर्वेच्या बाजूने आत या आणि पावलं मोजत चढा. बरोबर चार-पाच जण असतील तर मी असं करतो : प्रत्येकाला एक दरवाजा देतो. पहिला जिथे असावा असं वाटतं तिथे पहिला थांबतो, थोडं वर दुसरा, असं पाचव्यापर्यंत. मग खालच्याने साध्या आवाजात एक वाक्य म्हणायचं आणि वरच्याला काय ऐकू आलं ते विचारायचं. वळसे आणि वारा यांनी बोलणं तुटतं. आता त्यात तीन-चार भाषा घाला, इंग्रजी, हिंदुस्तानी, मराठी, अरबी. बाहेर तोफ लावलेली आहे. किल्लेदार तिसऱ्या दरवाज्याबाहेर गेला आहे आणि पाचव्यामागच्या माणसांना त्याचं पुढे काय झालं ते दिसत नाही. पगाराचं काय, हत्यारांचं काय, जीव वाचेल का, याचं उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही. आणि दिंडीतून वाकून परके शिपाई आत येत आहेत.

हा प्रयोग केला त्या वर्षी माझ्याबरोबर नववीतली एक मुलगी होती. पाचव्या दरवाज्यावर ती उभी होती. तिने विचारलं, "सर, मग त्यांनी काय करायला हवं होतं?" मी तिला उत्तर दिलं नाही, आजही नाही. पण तो प्रश्न पुस्तक वाचून कुणी विचारला नव्हता, तो त्या जागेवर उभं राहूनच आला.

नदीच्या बाजूला तटाच्या कडेला जाऊ नका. खालची माती धुपून वरचा थर अधांतरी राहिलेला असतो आणि वरून ते दिसत नाही. मुलं असतील तर एक मोठा माणूस फक्त त्या बाजूला उभा करा, त्याला दुसरं काम देऊ नका.

स्मरण

किल्ल्यात मेलेले बहुतेक मुसलमान असावेत, फासावर गेलेला किल्लेदार हिंदू, पडलेले दोन अधिकारी ख्रिस्ती. एका धर्माचा विधी करून तिघांना पुरत नाही, आणि तिघांचे तीन विधी आपल्याला येत नाहीत. म्हणून मी साधी रीत ठेवली आहे.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पूर्वेच्या चढावर सगळे उभे राहतो. नावांचा कागद एकाने वाचायचा. नावं हळू वाचायची. "किल्ल्यातले सुमारे अडीचशे शिपाई" या ओळीवर आलो की वाचणारा थांबतो आणि आम्ही गप्प राहतो. किती वेळ? मी सुरुवातीला दोन मिनिटं ठेवली होती. मग एका वर्षी वाटलं, माणशी एक सेकंद तरी द्यावा. २५० सेकंद म्हणजे चार मिनिटांहून थोडं जास्त. ऐकायला कमी वाटतं, पण उभं राहून बघा. पहिल्या मिनिटाला पाय चाळवतात, दुसऱ्याला मनात घरची कामं येतात, तिसऱ्याला पाखरं ऐकू येतात. चौथ्या मिनिटाला कळायला लागतं, की ही माणसं होती, एक एक करून.

नंतर घरून आणलेलं पाणी जवळच्या झाडाच्या मुळाशी ओततो. ही माझ्या आजीची सवय. परगावी वारलेल्या माणसासाठी ती अंगणातल्या झाडाला तांब्याभर पाणी घालायची. कुणाला प्रार्थना करायची असेल त्याने आपापली मनात करावी. गावातलं कुणी फातिहा म्हणणार असेल तर बाजूला अदबीने उभं राहावं.

काय करू नये, तेही सांगतो. घोषणा देऊ नका. झेंडे आणू नका. प्लॅस्टिकच्या माळा, अगरबत्तीची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या मागे ठेवू नका. नवीन पाटी, नवीन चबुतरा, रंगवलेला दगड आपल्या मनाने बसवू नका. कबरीच्या ओट्यावर बसून जेवू नका, तिच्यावर पाय देऊन फोटो काढू नका. मग ती फारुकी सुलतानाची असो की बिननावाची.

दगड, लोखंड आणि कायदा

पावसाने धुपलेल्या जागी कधी शिशाची गोळी, खापर, गंजलेला लोखंडाचा तुकडा दिसतो. उचलून खिशात घालायचा मोह होतो. घालू नका. वस्तू जिथे पडली आहे ती जागाच तिची अर्धी माहिती असते. तिथेच ठेवून, शेजारी पेन्सिल ठेवून फोटो काढा, जवळची खूण लिहून घ्या. मोलाचं काही जमिनीतून निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं हा छंद इथे नको.

थाळनेरच्या कबरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. संरक्षित वास्तूला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला हे आधी सांगा. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. मलिक राजाला १३७० मध्ये फिरोज तुघलकाकडून थाळनेर मिळालं आणि इथूनच फारुकींचं राज्य सुरू झालं, त्यामुळे कबरींना वेळ द्याच, पण किल्ला झाल्यावर. माझ्यासारखा उलटा क्रम करू नका.

शेतातून जायचं असेल तर मालकाला विचारून बांधावरून चाला. उभ्या हरभऱ्यातून वाट काढणाऱ्याने इतिहासाच्या गोष्टी सांगू नयेत.

घरी आल्यावर

त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरतं. तारीख, वेळ, कुठे उभे होतो, कुठला बुरूज किती उरला आहे, गावातल्या माणसांनी सांगितलेली जागांची नावं जशीच्या तशी, अहिराणीतली अहिराणीत. सांगणाऱ्याची परवानगी असेल तरच त्याचं नाव. वाचलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट दोन वेगळ्या पानांवर. दोन्ही जुळल्या नाहीत तरी एकीने दुसरी खोडू नका.

दरवर्षी एकाच जागेवरून एकाच बुरुजाचा फोटो काढा. माझ्याकडचे फोटो एका रांगेत लावले की किल्ला कसा खाली बसतो आहे ते दिसतं. एवढा पुरावा उद्या कुणाला दुरुस्तीसाठी अर्ज करायचा झाला तर उपयोगी येईल. वहीची एक प्रत गावातल्या शाळेला द्या.

थाळनेरनंतर

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ पर्यंत खान्देशातच होतं. नारो शंकरांनी बांधलेल्या तिथल्या भुईकोटात त्याच वर्षी, मे-जून १८१८ मध्ये, अरबांनी महिनाभर इंग्रजांना रोखलं. मेच्या अखेरचा इंग्रजांचा हल्ला फसला. दारूखाना उडाल्यावर जूनच्या मध्याला किल्ला पडला. थाळनेरची बातमी ऐकलेली माणसं मालेगावात लढत होती, हे ध्यानात ठेवून जा, मग तिथली चिवट लढाई वेगळी दिसते. किल्ला भर वस्तीत आहे, शाळाही आत आहे, त्यामुळे सुटीच्या दिवशी आणि विचारून जा.

आंबापाणीला ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात भिल्लांची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. पुढारी होते खाज्या नाईक आणि भीमा नाईक. खाज्या नाईक हा आधी सेंधवा घाटाची राखण करणारा. बायकाही दगडधोंडे घेऊन लढल्या, शेकडो बायका-मुलं कैद झाली, पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. सातपुड्यात आंबापाणी नावाची एकाहून जास्त गावं आहेत, म्हणून नकाशावर पहिलं दिसलं तिकडे गाडी वळवू नका. आधी अभ्यासकांना आणि तिथल्या भिल्ल मंडळींना विचारून जागा नक्की करा. जंगलाचा भाग आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, स्थानिक माणूस बरोबर घेऊनच जा. एप्रिलच्या तारखेला उन्हामुळे जाणं अवघड पडतं, पहाटे निघून दहाच्या आत परत फिरा.

आणि रावलापाणी. नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा तालुक्यात. २ मार्च 
१९४३ रोजी संत गुलामहाराज आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांच्या आप पंथाच्या आदिवासी अनुयायांवर इंग्रज सरकारच्या बंदुका चालल्या. ही लढाई नव्हती, समोरच्यांकडे लढायला काही नव्हतं. पण जगभर युद्ध पेटलेलं असताना सातपुड्याच्या एका नाल्यात माणसं पडली, आणि खान्देशातल्या पुष्कळ शिकलेल्या घरांना अजून ते ठाऊक नाही. इथे मात्र स्मरणाची रीत तुम्ही न्यायची गरज नाही. तिथली माणसं दरवर्षी जमतात. २ मार्चला गेलात तर नावांचा कागद खिशातच ठेवा, कॅमेरा पिशवीत ठेवा आणि मागे उभे राहा. पुढची जागा त्या घरांतल्या माणसांची आहे.